काचेआडचे ऊन आणि कासवाचे कवच

लातूर-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तरीही खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या पाळीव कासवाचे कवच मऊ पडू शकते. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व घडविणारे अतिनील-ब किरण काच जवळजवळ पूर्णपणे अडविते. आत येतात ते मुख्यतः उजेड आणि ऊब. 'ड'अभावी अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेते.

घरी विदेशी जातीचे कासव असल्यास टाकीतील कोरड्या बैठकीवर यूव्हीबी नळी लावावी. उत्पादकाने सांगितलेले अंतर राखावे, मध्ये काच वा प्लॅस्टिक नसावे, एक कोपरा सावलीचा असावा. दिवसा १० ते १२ तास दिवा पुरे. उजेड तसाच दिसला तरी अतिनील किरण क्षीण होत जातात. म्हणून नळी ६ ते १२ महिन्यांनी बदलावी.

कासवाला हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. त्यापासून साल्मोनेलाचा संसर्ग होतो. तारा कासव मात्र पाळूच नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

आणि हे ध्यानी असू द्यावे : काचेआडचे ऊन जसे कासवाला, तसेच आपल्या तान्ह्या बाळालाही 'ड' देत नाही. त्याची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.