रुग्ण उचलणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट

आपल्या अनेक वस्त्यांत रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबते. १०८ वर फोन केला की गाडी मोफत येते. पण तिच्यासोबत बहुधा डॉक्टर आणि चालक असे दोघेच असतात. मग शेजारची पोरं धावतात आणि हात-पाय धरून रुग्णाला उचलतात. भावना चांगली, पद्धत घातक! पडलेल्या माणसाच्या मणक्याला मार असेल तर या ओढाताणीत कायमचे अपंगत्व येऊ शकते. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर पथक येईपर्यंत त्याला हलवू नये. पथकातला एक जण डोके-मान स्थिर धरतो आणि त्याच्या इशाऱ्यावर सर्वांनी एकदम उचलायचे असते. धाप लागलेल्या रुग्णाला आडवे न करता खुर्चीत बसवून, पट्ट्याने बांधून जिना उतरवतात.

विनयपिटकात आजारी भिक्खूची कथा आहे. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतः धुतले, दोघांनी मिळून उचलून मंचकावर निजवले. हा वारसा सांगणाऱ्या आपण प्रत्येक विहारात एक घडीचे स्ट्रेचर ठेवावे आणि वस्तीतल्या दहा तरुण-तरुणींना ते वापरायला शिकवावे. जयंतीच्या वर्गणीतून एवढा खर्च नक्की निघेल. जयभीम!