माप बाहेरचे, कात्री घरची

वाचकहो, ‘जागतिकीकरण आले, आता सरकारच्या हातात काही उरले नाही’ हे वाक्य चाळीच्या नाक्यापासून सभागृहापर्यंत सगळीकडे ऐकू येते. बँकांच्या बाबतीत तर हमखास. आमचे मत वेगळे आहे आणि ते आम्ही हिशेबानेच मांडतो.

बँकांचा जागतिक नियम आला कुठून? १९७४ साली पश्चिम जर्मनीतली हेरस्टाट बँक बुडाली. तिच्याशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांचेही पैसे अडकले. त्याच वर्षी श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधील बेसल शहरात एक समिती स्थापन केली. १९८८ साली तिने सांगितले की, जोखमीच्या शंभर रुपये कर्जामागे बँकेचे स्वतःचे किमान आठ रुपये भांडवल हवे. या समितीला कोणत्याही देशावर कायदा लादण्याचा अधिकार नाही. भारत तर तिचा सभासद झाला २००९ साली. तरी १९९२ पासून रिझर्व्ह बँकेने हा नियम इथे टप्प्याटप्प्याने आणला आणि मार्च २००० पासून आठाऐवजी नऊ रुपये मागितले. म्हणजे माप बाहेरचे, पण कात्री आपल्याच शिंप्याच्या हातात.

दुसरा दाखला आपल्या पोटाशी संबंधित आहे. १९९१ साली परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली आणि ‘खाउजा’ धोरण सुरू झाले. बँक सुधारणेसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. त्यातल्या दोन शिफारशी शेजारी ठेवून पाहा. पहिली अशी : बँकांना ठेवींपैकी ३८.५ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावी लागे, ती २५ टक्क्यांवर आणा. ही मान्य झाली आणि १९९७ पर्यंत अमलात आली. दुसरी अशी : शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक या अग्रक्रम क्षेत्राला एकूण कर्जाच्या ४० टक्के कर्ज देण्याचे बंधन १० टक्क्यांवर आणा. ही मान्य झाली नाही.

अहवाल एकच, मग निकाल दोन का? आमच्या मते कारण सरळ आहे. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँका राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या, त्या संसदेच्या कायद्याने बांधलेल्या होत्या, आणि संसदेत बसणाऱ्यांना गावोगाव मते मागायला जायचे होते. ४० टक्के आजही कायम आहेत. त्यातला दुर्बल घटकांचा वाटा १० वरून आता १२ टक्के झाला आहे. अनुसूचित जाती-जमातींचे कर्जदार याच घटकात मोडतात.

पण घरची कात्री नेहमी गरिबाच्या बाजूनेच चालते, असे समजू नका. अग्रक्रमाची व्याख्या रुंदावत गेली. उद्दिष्ट चुकवणाऱ्या बँकांना तुटीची रक्कम नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत भरायची सोय १९९५ साली झाली. त्यातून पूल-रस्ते झाले; पण चर्मकाराला, भाजीवालीला मिळायचे कर्ज राहूनच गेले. सहकारी बँकांचे तर दोन धनी. १९६६ पासून बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे, नोंदणी आणि निवडणूक सहकार खात्याकडे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर जाग आली : २०२० साली ठेवविमा एक लाखावरून पाच लाख झाला, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, आणि २०२१ साली विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याचा कायदा झाला. यातले काहीही बेसलने करायला लावले नव्हते, आणि इतका उशीरही बेसलने लावला नव्हता.

म्हणून ‘जगाचा रेटा आहे’ असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते, ती दरवर्षी जिल्ह्याचा पतपुरवठा आराखडा करते. दुर्बल घटकांसाठी किती ठरले आणि किती वाटले, हा आकडा मागा. सरकारी बँकांना माहिती अधिकार कायदा लागू आहे. बचत गटाच्या बायांनी, वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एक अर्ज तरी करावा. आकडा हाती आला की खासदाराला जाब विचारता येतो. बेसलच्या समितीला आपले मत लागत नाही, त्याला लागते.