वास येतो म्हणून माणूस घाणेरडा ठरत नाही

"आंघोळ करत नाहीस का?" हा प्रश्न ज्याला विचारला जातो, तो माणूस बहुतेक वेळा दिवसातून दोनदा आंघोळ करणारा असतो. आरोग्य शिबिरांत आणि वस्तीतल्या घरभेटींत आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसते. गुडघेदुखी, बीपी, पाळीच्या तक्रारी बायका सगळ्यांसमोर सांगतात. ही एक तक्रार मात्र शेवटी, बाकीच्या उठून गेल्यावर, दबक्या आवाजात येते. "ताई, रोज साबण लावते, कपडे रोज धुते, तरी अंगाचा वास जात नाही." कामावर कोणी जवळ बसत नाही. शेअर रिक्षात शेजारची बाई पदर नाकाला लावते. वयात आलेली मुलगी शाळा चुकवू लागते. लग्न ठरलेला मुलगा घाबरून जातो.

आमचे म्हणणे सरळ आहे. स्वच्छ राहूनही ज्याच्या अंगाचा वास जात नाही, त्याला आणखी आंघोळीचा उपदेश करू नका. त्याला दवाखान्यात न्या.

हे बोलणे आपल्या घरांत अवघड का जाते, तेही बोलले पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांना "तुमचा वास येतो, लांब बसा" असे ऐकवले गेले. गावाची मेलेली ढोरे ओढायला लावायची, पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही आणि वर घाणेरडे म्हणायचे, असा तो न्याय होता. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी हातात घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना स्वच्छ, नीटनेटके, मानाने राहायला सांगितले. आपल्या आयांनी ते मनावर घेतले. एका खोलीचे घर, पण भांडी लखलखीत आणि पोरांचे कपडे परीटघडीचे. हा अभिमान आपण कमावलेला आहे आणि तो राहिलाच पाहिजे.

पण याच अभिमानाची आता काही घरांत काठी झाली आहे. "समाजाचं नाव घालवतेस का?" असे आई मुलीला म्हणते. मुलगी काख लाल होईपर्यंत घासते आणि गप्प बसते. बाहेरच्यांनी आपल्याला मारलेला शेरा आपणच आपल्या लेकराला मारतो. स्वच्छता आपण आपल्या मानासाठी स्वीकारली. दुसऱ्याच्या नाकाची परीक्षा पास होण्यासाठी ती नव्हती.

आता शरीराचे पाहू. आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. बहुतेक ग्रंथींतून मीठपाणी येते आणि ते अंग थंड करते. त्याला वास जवळजवळ नसतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांचा घाम थोडा दाट असतो आणि त्यालाही बाहेर येताना फारसा वास नसतो. कातडीवर सगळ्यांच्याच राहणारे जिवाणू तो घाम फोडतात आणि तेव्हा वास तयार होतो. कोणाच्या कातडीवर कोणते जिवाणू जास्त, कोणाला घाम किती, हे माणसागणिक वेगळे असते. कोरिया, चीन, जपान इथल्या बहुतेक लोकांच्या काखेला वास जवळजवळ येतच नाही. ते आपल्यापेक्षा जास्त आंघोळ करतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या एका जनुकात जन्मतःच बदल असतो म्हणून. वासाचा आणि माणसाच्या चांगुलपणाचा किती संबंध आहे, ते यावरूनच कळावे.

"मांसमच्छी खाणाऱ्यांना वास येतो" हाही एक टोमणा आपल्याला ऐकावा लागतो. लसूण, कांदा, मेथी यांचा वास घामात उतरतो, हे खरे. पण तो कोणत्याही जातीच्या घामात उतरतो.

आणि पाण्याचे काय? मुंबईत इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर, असा हिशेब महापालिकेत वर्षानुवर्षे धरला गेला. पंचेचाळीस लिटरमध्ये पिणे, स्वयंपाक, भांडी, कपडे, संडास आणि आंघोळ. आमच्या कितीतरी बहिणी पहाटे अंधारात, साडीच्या आडोशाला, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ उरकतात. त्यांना साबणाचा उपदेश करण्याआधी नळ आणि दाराची मोरी द्या, हे आम्ही नगरसेवकाला तोंडावर सांगतो. तरीही या घरांतली माणसे स्वच्छ राहतात, म्हणूनच ज्यांचा वास जात नाही त्यांचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

घरी काय करावे

पाणी कमी असेल तेव्हा ते सगळ्या अंगावर ओतून संपवू नका. आधी काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि पायांची बोटे साबणाने धुवा. मग उरलेले पाणी अंगावर घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या जागा खडखडीत कोरड्या करा, कारण जिवाणूंना ओल लागते. काखेतले केस बारीक ठेवले तर घाम कमी अडकतो. दगडाने किंवा काथ्याने घासू नका. सोललेल्या कातडीला जंतुसंसर्ग लवकर होतो.

तुरटीचा खडा ओल्या काखेवर फिरवला तर हलक्या वासाला उपयोग होतो. नुकतेच केस काढले असतील किंवा खरचटले असेल, तर नको. लिंबू आणि खायचा सोडा काखेला चोळू नका, कातडी भाजते. पावडर आणि सेंट वास झाकतात, थांबवत नाहीत. घाम खरोखर जास्त येत असेल तर अॅल्युमिनियम क्लोराइडचे औषध दुकानात मिळते. ते रात्री, पूर्ण कोरड्या काखेला लावायचे आणि सकाळी धुवायचे. ओल्या कातडीवर लावले तर आग होते. बेंझॉइल पेरॉक्साइड असलेला वॉशही जिवाणू कमी करतो, पण तो नीट धुतला नाही तर कपड्यांचे रंग उडतात. तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

कपड्यांकडेही बघा. पॉलिस्टरचा युनिफॉर्म, नायलॉनचा ब्लाउज यांत वास धरून बसतो. माणूस धुतलेला असतो, कपडा मात्र वास सोडत नाही. असे कपडे उलटे करून, काखेचा भाग थोडा वेळ पातळ सिरक्यात भिजवून, मग धुवा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात खोलीतच दोरीवर वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, तो अंगाचा नसतो. जमेल तेव्हा सुती कपडे वापरा.

दवाखान्यात कधी जावे

महिनाभर हे सगळे करूनही फरक नसेल, किंवा वास अचानक बदलला असेल, तर जा. काही खुणा आम्ही मुद्दाम सांगतो.

काखेत किंवा जांघेत पुन्हा पुन्हा गळवे येतात, फुटतात, पू येतो, डाग राहतात. हा कातडीचा आजार आहे, अस्वच्छता नव्हे. त्याला औषध आहे.

गमबूट घालून दिवसभर ओल्यात काम करणाऱ्या सफाई कामगार भावांच्या तळव्यांना बारीक बारीक खड्डे पडतात आणि पायांना उग्र वास येतो. तोही जिवाणूंचा आजार आहे. साध्या मलमाने आणि पाय कोरडे ठेवल्याने तो बरा होतो.

अंगावरून जाणाऱ्या पाण्याला मासळीसारखा वास येत असेल, तर तो योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्याने येतो. गोळ्यांनी तो बरा होतो. आतून साबण किंवा डेटॉल लावून धुऊ नका, त्याने तो वाढतो. गरोदर बाईने तर थांबूच नये.

लहान मुलाच्या अंगालाच घाण वास येतो आणि नाकाच्या एकाच बाजूने शेंबूड वाहतो, तर नाकात मणी, चिंचोका, स्पंजाचा तुकडा अडकला आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. घरी चिमट्याने काढू नका. तान्ह्या बाळाच्या लघवीला साखर जळल्यासारखा गोड वास येत असेल आणि बाळ दूध पीत नसेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, उलट्या होतात, धाप लागते, तर ती तातडीची वेळ आहे. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, बारीक ताप, वजन घटणे, खोकला असेल तर आधी थुंकीची टीबीची तपासणी. घाम खूप, छातीत धडधड, हात थरथरतात, तर थायरॉइडची तपासणी.

एक दुर्मीळ आजारही माहीत असावा, कारण तो असलेल्यांना सगळ्यात जास्त छळ सोसावा लागतो. मासे, अंडी, कलेजी, शेंगदाणे, सोयाबीन यांतल्या काही घटकांपासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन नावाचा पदार्थ तयार करतात. त्याचा वास सडक्या मासळीसारखा असतो. आपले यकृत त्याचा वास घालवते. काहींच्या यकृतात हे काम करणारा घटक आईवडील दोघांकडून बिघडलेलाच आलेला असतो. मग तो वास घामातून, श्वासातून, लघवीतून बाहेर पडतो. बायकांना पाळीच्या सुमारास तो जास्त जाणवतो. कित्येकदा त्या माणसाला स्वतःचा वास कळतही नाही. या आजाराचे नाव ट्रायमिथाइलअमिनुरिया. लघवीच्या तपासणीने तो कळतो. ती तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जाऊन नाव घेऊन विचारा. मुळापासून तो बरा होत नाही, पण आवाक्यात येतो. सुकट, बोंबील, जवळा आणि समुद्राची मासळी कमी करायची, नेहमीच्या साबणाऐवजी थोडा आम्लधर्मी, साडेपाच ते साडेसहा पीएचचा साबण वापरायचा आणि डॉक्टर सांगतील ती औषधे घ्यायची. पण तपासणीशिवाय अंडी-मासळी बंद करू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि वाढत्या मुलांना हे अन्न लागते. आपल्या ताटातले स्वस्त प्रथिन टोमण्यासाठी सोडायचे नाही.

आणि कधी कधी वास नसतोच. कोणालाच येत नाही, पण माणसाची खात्री असते की आपला वास येतो. कोणी खिडकी उघडली, कोणी खोकले, तरी त्याला वाटते आपल्यामुळेच. तो दिवसातून पाच वेळा आंघोळ करतो, घराबाहेर पडत नाही. हाही आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत त्याची नोंद आहे. अशा माणसाला "तुझ्या मनाचे खेळ" म्हणून हसू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी फोनवर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. ज्याने आयुष्यभर जातीचे टोमणे ऐकले, त्याच्या मनात ही भीती घर करून बसली तर नवल नाही.

म्हणून घरात बोलायची पद्धत बदला. वास येत असेल तर सगळ्यांसमोर नाही, एकट्याला, एकदाच आणि साध्या शब्दांत सांगा. "तुझी चूक नाही, आपण दाखवून येऊ," एवढे पुरते. भावंडांना चिडवू देऊ नका. करणी, बाहेरची बाधा असे कोणी म्हणाले तर त्याला दाराबाहेरच थांबवा. शाळेत मुलीला वेगळे बसवले, तर आईवडिलांनी जाऊन मुख्याध्यापकांशी बोलावे आणि एकटे न जाता मंडळाच्या दोघीतिघींना बरोबर न्यावे. कचरा, गटार, रुग्णालयाच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना ठेकेदाराने दोन जास्तीचे युनिफॉर्म, धुण्याचे पाणी आणि आंघोळीची जागा द्यावी, ही मागणी युनियनच्या कागदावर आली पाहिजे. कामाचा वास घरी घेऊन जाणे ही कामगाराची जबाबदारी नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग तथागतांनी संघाला जाब विचारला. त्या भिक्खूला नव्हे, नाक मुरडणाऱ्यांना.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर महिला मंडळाने या विषयावर अर्धा तास ठेवावा. आशाताईंना बोलवा. पुरुषांनाही बसवा. तिथे एकीने जरी तोंड उघडले, तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत तिच्याबरोबर उभी राहायला दोघी तयार असाव्यात.