घरोघरच्या गोष्टी : घड्याळाची परीक्षा

सोन्याची परीक्षा घासून, कापून, तापवून आणि ठोकून करावी, असें आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. वराहमिहिरानें तर बृहत्संहितेंत रत्नांच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिले आहेत. परंतु जी वस्तु घासतां येत नाहीं, कापतां येत नाहीं, आणि ठोकली तर बंदच पडावयाची, तिची परीक्षा कशी करावी? हा प्रश्न गेल्या हिवाळ्यांत आमच्यापुढें आला, आणि त्याचें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें. त्या चुकीची किंमत दुसऱ्यास भरावी लागली. म्हणून ती वाचकांस सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचा एक जुना विद्यार्थी, आतां स्वतः मुलीचा बाप, एके दिवशीं सायंकाळीं आमच्याकडे आला. मुलीचें लग्न ठरलें होतें. मुलाकडील मंडळींनीं कांहींएक मागितलें नव्हतें, आणि म्हणूनच जांवयास आपण होऊन कांहीं चांगलें द्यावें अशी त्याची फार इच्छा होती. ओळखीच्या एका गृहस्थानें त्याला रोलेक्सचें एक वापरलेलें घड्याळ दाखविलें होतें. नवें घ्यावयाचें तर कित्येक लाख मोजावे लागतात. हें २ लाखांत मिळत होतें. त्यासाठीं बँकेंतील एक ठेव मोडण्याचा त्याचा विचार होता. पैसे देण्यापूर्वीं पाहण्याकरितां घड्याळ त्यानें मागून आणलें होतें.

"गुरुजी," तो म्हणाला, "आमचा एक ऱ्हस्वदीर्घ तुम्हीं कधीं सोडला नाहींत. एकदां तुमच्या डोळ्यांखालून जाऊं द्या, म्हणजे मी निश्चिंत झालों."

अशी स्तुति ऐकल्यावर कोणता शिक्षक भिंग काढणार नाहीं? आम्हीं चार दिवसांची मुदत मागून घेतली, या विषयावर जें मिळालें तें वाचलें, आणि एकेक लक्षण ताडून पाहूं लागलों.

पहिलें लक्षण अक्षरांचें. अस्सल घड्याळाच्या तबकडीवरील अक्षरें भिंगाखालीं पाहिलीं तर त्यांच्या कडा स्वच्छ दिसतात आणि दोन अक्षरांमधील अंतर नेमकें असतें. नकली घड्याळांत शाई किंचित् पसरलेली, एखादें अक्षर जाड, एखादें तिरपें, असा प्रकार आढळतो. खालीं 'स्विस मेड' हे शब्दही असेच पाहावे. ह्या शब्दांना केवळ शोभेचा अर्थ नाहीं. आंतील यंत्र स्विस असावें, तें स्वित्झर्लंडांतच केसांत बसविलेलें व तेथेंच शेवटीं तपासलेलें असावें, आणि २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकीं निदान ६० टक्के खर्च त्या देशांत झालेला असावा, असा तेथील नियम आहे. आमच्यापुढील घड्याळाचीं अक्षरें निर्दोष होतीं.

दुसरें लक्षण सेकंदकांट्याचें. सेलवर चालणाऱ्या घड्याळाचा कांटा बहुधा दर सेकंदास एक उडी मारतो. रोलेक्सचीं हल्लींचीं घड्याळें कमानीच्या जोरावर चालतात, आणि त्यांतील बहुतेकांत बॅलन्सचें चाक तासाला २८,८०० ठोके घेतें, म्हणजे सेकंदास ८. त्यामुळें कांटा उड्या न मारतां सरकत जातो असा भास होतो. (मात्र १९७७ पासून बरींच वर्षें ह्याच कंपनीनें सेलवरचींही कांहीं घड्याळें काढलीं, हें लक्षांत ठेवावें.) आमच्यापुढील घड्याळाचा कांटा पाण्यावरून नाव जावी तसा जात होता.

तिसरें लक्षण तारखेचें. १९५३ पासून ह्या कंपनीच्या पुष्कळ घड्याळांत तारखेच्या खिडकीवर एक फुगीर भिंग बसविलेलें असतें आणि त्यांतून अंक सुमारें अडीचपट मोठा दिसतो. नकलींत हें भिंग बहुधा दुबळें असतें. आमच्यासमोर अंक ठसठशीत दिसत होता. चौथें लक्षण क्रमांकाचें. तबकडीभोंवतीच्या आंतल्या कड्यावर कंपनीचें नांव आणि घड्याळाचा क्रमांक कोरलेला असतो. जुन्या घड्याळांत तो पट्ट्याच्या दोन शिंगांमध्यें, केसाच्या कडेवर असे. अस्सल कोरणी रेखीव असते, नकली पुष्कळदां खरबरीत. इथेंही दोष सांपडला नाहीं. वजनही हाताला भरपूर लागत होतें.

"खरें दिसतें," असें आम्हीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें ठेव मोडली.

पुढें आठ दिवसांनीं पट्ट्याच्या दोन कड्या काढवावयास तो एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेला, आणि सहज म्हणून आम्हांसही बरोबर घेतलें. घड्याळजीनें घड्याळ हातांत घेतलें, कानाशीं धरलें, आणि कांहीं न बोलतां मागचें झांकण उघडण्याची परवानगी मागितली. मग डोळ्याचें भिंग काढून त्यानें तें आमच्या हातीं दिलें.

"मास्तर, ही दांडी पाहिलीत?" तो म्हणाला. "ही इकडेतिकडे सरकविली कीं घड्याळ पुढें किंवा मागें पडतें. साध्या यंत्रांत ही असतेच. ह्या कंपनीच्या हल्लींच्या यंत्रांत ती नसते. तिथें चाल जमविण्यासाठीं चाकालाच बारीक नट लावलेले असतात, आणि हेअरस्प्रिंगचा शेवटला वेढा बहुधा वर उचलून आंत वळविलेला असतो. इथें तो सपाट आहे. नांव मात्र सुरेख कोरलें आहे."

आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग त्यानें आमच्याकडे पाहिलें. आणि त्या पाहण्यांत दोष देण्याचा लेशही नव्हता, हेंच आम्हांस अधिक लागलें.

घरीं आल्यावर आमची चूक कोठें झाली ह्याचा आम्हीं विचार केला. ती डोळ्यांची नव्हती, तर्काची होती. न्यायशास्त्रांत ज्याला सव्यभिचार हेतु म्हणतात, त्याचा आम्हीं आधार घेतला होता. जें लक्षण खऱ्यांतही आढळतें आणि खोट्यांतही आढळूं शकतें, त्यावरून खरेपणा सिद्ध होत नाहीं. वजन, सरकता कांटा, स्वच्छ अक्षरें हीं सर्व खऱ्या घड्याळांत असतात, पण नकल करणारास तीं साधतां येतात. त्यांतील एखादें लक्षण नसलें तर घड्याळावर संशय घ्यावा. सगळीं असलीं तरी तें खरें आहे असें म्हणूं नये. ही एवढी गोष्ट आम्ही वर्गांत जन्मभर शिकविली, आणि ऐन वेळीं विसरलों.

ही शर्यत जुनी आहे. पॅरिस येथें काम करणारा प्रसिद्ध घड्याळजी आब्राहाम-लुई ब्रेगे (१७४७-१८२३) ह्याच्या हयातींतच त्याच्या नांवानें खोटीं घड्याळें निघूं लागलीं. तेव्हां १७९५ च्या सुमारास तो तबकडीवर इतकी बारीक गुप्त सही कोरवूं लागला कीं ती तिरप्या उजेडांतच दिसावी. हेअरस्प्रिंगचा वर वळविलेला वेढा, ज्याच्या अभावीं आमचें घड्याळ पकडलें गेलें, तोही ह्याच ब्रेगेचा शोध. अलीकडे रोलेक्सनेंही सहाच्या आंकड्याजवळ कांचेंत नुसत्या डोळ्यांस सहसा न दिसणारा मुकुट कोरण्यास सुरुवात केली. आतां नकली घड्याळांतही तो असतो, बहुधा मूळच्यापेक्षां जास्त ठळक. खूण जाहीर झाली कीं तिची नकल होते. इतकेंच काय, आजच्या उत्कृष्ट नकलांत आंतील यंत्रही हुबेहूब उतरवितात, आणि तेथें सवयीचा कारागीरच काय तो फरक सांगूं शकतो.

मग सामान्य गृहस्थानें काय करावें? आमच्या मतें क्रमच उलटा करावा. आम्हीं आधीं घड्याळ पाहिलें आणि विकणारास मुळींच पाहिलें नाहीं. विकणारा कोण, त्याचें दुकान उद्यां त्याच जागीं असेल काय, पक्की पावती देतो काय, हें प्रथम पाहावें. नुसत्या पेटीवर आणि हमीच्या कार्डावर विसंबूं नये. घड्याळाची नकल करणारास कार्डाची नकल कठीण नाहीं. क्रमांकावरही विसंबूं नये. एका खऱ्या घड्याळाचा क्रमांक हजार खोट्यांवर घालतां येतो. नवें घेणें तर कंपनीनें नेमलेल्या दुकानांतूनच घ्यावें. वापरलेलें घेणें तर पैसे देण्यापूर्वीं तें जाणत्या कारागिराकडून उघडवून घ्यावें, आणि विकणारा उघडूं देण्यास कां-कूं करील तर तेथूनच परतावें. किंमत फारच उतरली असेल तर आपल्या नशिबाचें कौतुक करण्याऐवजीं ती कां उतरली हें विचारावें.

ज्यांच्या घरीं जुनीं घड्याळें घेण्याचा छंद आहे त्यांनीं आणखी एक जपावें. एच. एम. टी.ची घड्याळें काढणारी सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला, आणि त्या साध्या घड्याळांसही शौकिनांत मागणी आली. जुन्या केसांत भलत्याच घड्याळाचे भाग घालून आणि तबकडी नव्यानें रंगवून तयार केलेला माल बाजारांत पुष्कळ येतो. मुंबई त्याविषयीं परदेशांतल्या शौकिनांतही प्रसिद्ध आहे. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच रंगविल्यासारखी झगझगीत दिसली तर आनंदापूर्वीं शंका यावी.

आतां राहिली आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. तो गृहस्थ टेलिफोन घेईना. शेवटीं पोलिसांत तक्रार दिली, पण हा मजकूर लिहीपर्यंत पैसा परत आलेला नाहीं. अर्धी रक्कम आम्हीं देऊं केली, ती त्यानें घेतली नाहीं. मध्यंतरीं एकानें त्याला सुचविलें कीं, "जांवयास काय कळणार आहे? देऊन टाका." दुसऱ्या एकानें तर, खोटें आहे हें जाणूनही, ४० हजारांस तें विकत मागितलें. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वयें खोट्या चिन्हाचा माल विकणारास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. पण ह्या सद्गृहस्थाला कायद्याची आठवण करून द्यावी लागली नाहीं. "गुरुजी, मी फसलों तो फसलों," तो म्हणाला, "पण माझ्या हातून तें पुढें जाऊं नये."

लग्नाच्या आधीं चार दिवस त्यानें भावी जांवयास घरीं बोलावून सगळी हकीकत सांगितली. बापानें मुलीच्या सासरीं अशी गोष्ट स्वतः होऊन सांगणें किती कठीण असतें, हें मुलीच्या बापांस सांगावयास नको. तो मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, तुम्हीं सांगितलेंत हें बरें झालें. मीं तें हौसेनें घातलें असतें, आणि एक दिवस असाच कोणी घड्याळजी मला भेटला असता."

घड्याळ आमच्या विद्यार्थ्याच्या कपाटांत आहे. पोलिसांनीं मागितलें कीं तें त्यांच्याकडे जाईल. तें अजून वेळ बिनचूक दाखवितें, असें तो सांगतो. आमचें भिंग मात्र आम्हीं पुन्हा शुद्धलेखनाच्याच कामीं लावलें आहे.