सगळेच ‘पित्त’ नव्हे

अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली की आपण म्हणतो, ‘पित्त उठले’. आमसुलाचे पाणी लावतो आणि दोन दिवसांत विसरून जातो. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण गांधीलमाशी चावून, अंगावर एकही गांध न उठता धडधाकट माणूस बांधावरच बेशुद्ध पडला, तर त्यालाही ‘पित्त’ म्हणून सोडून द्यावे काय? आमच्या मते मुळीच नाही.

आपल्या कातडीत, आतड्यांत व फुप्फुसांत ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. १८७८ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने जनावर चारून पुष्ट करणे या अर्थाच्या शब्दावरून त्यांना हे नाव दिले. दाण्यांनी गच्च भरलेल्या या पेशी त्याला खाऊन पुष्ट झालेल्या वाटल्या. त्या दाण्यांत हिस्टामिन असते. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. परंतु राखणदारच बेसुमार वाढले, तर पीक कोण राखणार? या विकाराला मॅस्टोसायटोसिस म्हणतात. लहान मुलांत तो बहुधा कातडीपुरताच राहतो व वयात येईपर्यंत पुष्कळदा ओसरतो. मोठ्यांतही बरेच जण गोळ्या व पथ्य सांभाळून दीर्घकाळ जगतात.

त्याचा एक दुर्मिळ प्रकार मात्र आक्रमक आहे. त्यात या पेशी हाडांतील मगज, यकृत, प्लीहा व आतड्यांत शिरतात. रक्त कमी होते, पोटात पाणी साठते, वजन घटते, हाडे ठिसूळ होऊन मोडतात. याहूनही विरळा प्रकार म्हणजे मास्ट पेशींचा रक्ताचा कर्करोग.

कित्येकांच्या अंगावर तपकिरी डाग असतात. ते चोळले की सुजतात, खाजतात. गावात लगेच कुष्ठरोगाची कुजबुज सुरू होते आणि मुलीचे लग्न अडते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा स्पर्श कळत नाही. हा डाग उलट चोळल्याने चिडतो. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि बहुधा आईबापांकडूनही येत नाही. मग घरच्यांनी लाज का बाळगावी? मात्र आक्रमक प्रकारात डाग नसतातही, हे ध्यानात ठेवावे.

दंशानंतर माणूस कोसळला, तर त्याला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत व ताबडतोब दवाखान्यात न्यावे. मांडीत दिलेले अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपाय. शुद्धीवर आला म्हणून तेथेच थांबू नये. रक्तातील ट्रिप्टेज तपासावे, असे डॉक्टरांना विचारावे. गरज पडल्यास मगजाची तपासणी होते. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा वेदनाशामक गोळी घेण्याआधी आपला आजार सांगावा.

मराठवाड्यातील पुष्कळ रुग्ण मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठतात. तेथे पंजागुट्ट्याला निझाम्स इन्स्टिट्यूट, म्हणजेच निम्स, आणि रेड हिल्सला मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय आहे. आक्रमक प्रकारावर आता औषधेही निघाली आहेत. अमेरिकेत २०१७ साली मिडोस्टॉरिनला व २०२१ साली अ‍ॅव्हाप्रिटिनिबला मान्यता मिळाली. पण ती अतिशय महाग आहेत. शिवाय भाषा परकी, राहायला जागा नाही, मागे गुरेढोरे आणि उभे पीक. अशा वेळी शेतकरी अर्ध्यावरच परत फिरतो.

येथेच धर्मग्रामाची कसोटी आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसेही मोजले. आजाऱ्यासाठी आपण रोझरी म्हणतो, ती अवश्य म्हणावी. पण त्याबरोबर एकाने त्याच्या गोठ्यातली धार काढावी, एकाने पिकाला पाणी द्यावे, तेलुगू किंवा हिंदी बोलणाऱ्या एकाने सोबत जावे, आणि इतरांनी गाडीभाड्याला हातभार लावावा. दुर्मिळ रोगाचा रुग्ण गावात एकटाच असतो. त्याला एकटे पडू न देणे आपल्या हाती आहे.