भांडेवाडीच्या मशीनवर सगळं सोपवू नका



परवा मंदिरात एक वहिनी म्हणाल्या, "आता भांडेवाडीला कचरा वेगळा करायच्या मशीन आहेत, मग आपण घरी कशाला निवडत बसायचं?" मला हे पटलं नाही.

नागपुरात रोज हजार टनांहून जास्त कचरा निघतो. मशीनच्या चाळणीतून बारीक, कुजका भाग खाली पडतो, लोखंड चुंबकाला चिकटतं. पण वरणाने भिजलेला पुठ्ठा मशीन कोरडा करून देत नाही. तो रद्दीतून बाद होतो, फार तर जाळायच्या इंधनात जातो. आणि जे मशीनला जमत नाही ते वेचायला हातच लागतात, पुष्कळदा बायकांचे. आपण टाकलेली फुटकी काच, न गुंडाळलेलं पॅड त्यांच्याच हाती येतं. 2016 च्या घनकचरा नियमांतही ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करा, पॅड गुंडाळून द्या, असं सांगितलं होतं.

"गाडीवाला सगळं एकत्रच टाकतो," हेही ऐकते. टाकत असेल तर चार जणींनी मिळून तक्रार करावी. तो चुकतो म्हणून आपणही चुकायचं का?

आपण कंदमूळ खात नाही, पाणी गाळतो, सूर्यास्ताआधी जेवतो. आणि उरलेली भाजी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दोन दिवस ओट्याखाली ठेवतो! त्यात किती जीव उपजतात, पिशवी उघडली की दिसतंच. हीच पिशवी ढिगात दबली की हवेवाचून कुजते, मिथेन तयार होतो. भांडेवाडीला उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी आपण पाहिल्यात. धूर शेजारच्या वस्त्यांतली लेकरं गिळतात, आणि ढिगातल्या जीवांचं काय होत असेल?

टाकायची वस्तू निर्जंतुक जागा पाहून टाकावी, ही उत्सर्ग समिती. ती मुनींची खरी, पण आजी पाणी गाळून झाल्यावर गाळण्यातली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. गाळून झालं म्हणजे तिचं काम संपत नव्हतं.

आणखी एक. पारण्याला आपण कागदी ग्लास वापरतो, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे ते रद्दीतही जात नाहीत, खतातही नाही. यंदा पर्युषणात मंदिरातले स्टीलचे ग्लास काढूया. पहिल्या दिवशी घासायला मी येते, दुसऱ्या दिवसासाठी नावं सांगा.