स्पर्धा आहे, पण हंगाम कुठे?

19 जानेवारी 2025 रोजी नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात खोखोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. आपल्या मुलींनी नेपाळला 78–40 असे नमवले, आणि मुलांनीही नेपाळवरच 54–36 असा विजय मिळवला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आनंदाची गोष्ट होतीच. पण आठवडाही उलटला नाही तोच दुसरी बातमी आली. म्हैसूर जिल्ह्यातील कुरुबूर गावची बी. चैत्रा आणि एम. के. गौतम या कर्नाटकाच्या दोन खेळाडूंनी राज्य सरकारने जाहीर केलेले पाच लाखांचे बक्षीस नाकारले. महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले होते. तुलना होणे साहजिक होते.

ही बातमी मी आधी कन्नड वर्तमानपत्रात वाचली आणि मग मराठीत. दोन्हीकडचा सूर वेगळा, पण प्रश्न एकच : जिंकून आलेल्याला किती द्यावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्या दोघांचा नकार मला मानी वाटतो. तरीही वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला वाटते की आपण सारे खातेवहीच्या शेवटच्या पानावर भांडत आहोत. पहिल्या पानावर काय लिहिले आहे, हे कुणी पाहत नाही. ही मुले दहा-बारा वर्षांची होती तेव्हा त्यांच्यासाठी कुणी, कुठे आणि किती खर्च केला? आणि त्यांच्याच वयाच्या ज्या हजारो मुली वाटेत गळाल्या, त्या कशापायी गळाल्या?

याचे उत्तर शोधायला मी तुम्हांला भेस्तानला नेते. आपल्या सीमाभागात हे नाव फारसे कुणी ऐकलेले नसेल. मुंबईहून सुरतेकडे जाताना सचिन स्टेशन गेले की भेस्तान लागते, त्यानंतर उधना आणि मग सुरत. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, यंत्रमागांचे कारखाने, रंगाई-छपाईच्या गिरण्या. उधन्याहून जळगावकडे जो रेल्वेफाटा जातो, त्याच वाटेने नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतली माणसे कामासाठी इकडे येत राहिली. भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत आज घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. ही एकच गोष्ट त्या शहराबद्दल पुष्कळ सांगून जाते.

माझी मावशी तिथे राहते. दोन सत्रांमधल्या सुटीत मी तिच्याकडे जाते. मी स्वतः मराठी शाळेत खोखो खेळले असल्यामुळे तिथल्या वस्तीमागच्या मोकळ्या भूखंडावर मुली खोखो खेळताना दिसल्या तेव्हा माझे पाय आपोआप तिकडे वळले. खांब म्हणून जुन्या वाशाचे दोन तुकडे पुरलेले. रेषा चुलीतल्या राखेने आखलेल्या. मराठी शाळेतल्या मुली होत्या, तशा शेजारच्या चाळीतल्या उडिया आणि भोजपुरी बोलणाऱ्याही होत्या. ‘खो’ हा शब्द सर्वांना एकच. एका मुलीचा सूर मारण्याचा सराव इतका सफाईदार होता की कुठल्याही शिक्षकाने तिला संघात घेतले असते. तिच्या आईशी बोलले, तेव्हा ती सहज म्हणाली, “ताई, औंदा खेळू दे तिला. आठवी झाली की बसेल माझ्यासोबत धागा कटिंगला.” साड्यांचे सुटे धागे कापण्याचे हे काम तिथे घरोघरी चालते आणि नगावर पैसे मिळतात. त्या माउलीच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, हिशेब होता. नगावरचे पैसे ठरलेले असतात. खोखोचे काहीच ठरलेले नसते.

माझ्या मते सारा प्रश्न इथेच आहे. कुणी म्हणेल, ठरलेले नाही कसे? गुजरातेत 2010 सालापासून सरकारतर्फे ‘खेल महाकुंभ’ भरतो. त्यात खोखो आहे, कबड्डी आहे, वयोगट आहेत, विजेत्यांना रोख बक्षिसेही आहेत. ही योजना चांगली आहे यात शंका नाही. पण स्पर्धा म्हणजे हंगाम नव्हे. स्पर्धा दोन-चार दिवसांची असते. ती जाहीर झाली की आठवडाभर आधी धावपळ करून संघ उभा करायचा, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरायचे आणि घरी यायचे. हरलेल्या संघाला पुढचा सामना वर्षभराने. हंगाम म्हणजे काय? अमुक महिन्यात सराव सुरू होणार, दर आठवड्याला अमुक वारी सामना होणार, हरलो तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायला मिळणार, आणि हे सारे आधीपासून सर्वांना ठाऊक असणार. मूल स्पर्धेत निवडले जाते. हंगामात ते तयार होते.

आता भेस्तानच्या मुलांचे वर्ष पाहू. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि चिखल. मग गणपती, नवरात्र. दिवाळीला कारखाने बंद झाले की निम्मी वस्ती गाड्यांना लटकून खानदेशात गावी जाते आणि सवडीने परतते. 14 जानेवारीच्या उत्तरायणाला सारे शहर पतंग घेऊन गच्चीवर. नंतर परीक्षा, मग उन्हाळा आणि पुन्हा गाव. आई-वडिलांपैकी एकजण बारा तासांच्या पाळीवर. मुलांच्या खेळाला या वेळापत्रकात जागा नाही असे नव्हे. उत्तरायणानंतरचा महिना-दीड महिना आहे, दिवाळीच्या आधीचे काही आठवडे आहेत. पण ते दिवस कुणी मुलांच्या नावाने राखून ठेवलेले नाहीत. भूखंडावर आज खेळ, उद्या टेम्पो उभे, परवा लग्नाचा मांडव.

या संदर्भात मला लडाखचे उदाहरण फार बोलके वाटते. तिथली मुले आइस हॉकी खेळतात. त्यांचा हंगाम निसर्गच ठरवून देतो : डिसेंबरच्या अखेरीपासून जेमतेम दोन महिने तळी गोठतात, तेवढाच. पण म्हणूनच साऱ्या गावाला तो माहीत असतो. कडाक्याच्या थंडीत रात्री मैदानावर पाणी सोडून माणसे बर्फाचा थर तयार करतात, सकाळी मुले त्यावर खेळतात. लोकांनीच 1985 साली लेहला हिवाळी खेळांचा क्लब काढला. त्या मातीतून मुख्यतः घडलेल्या भारतीय महिला संघाला 2016 साली परदेशी स्पर्धेला जाण्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. 2017 साली बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4–3 असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, आणि 2025 साली आशिया चषकात कांस्यपदक आणले. दुसरीकडे डेहराडूनला 2011 च्या हिवाळी खेळांसाठी मोठे बंदिस्त बर्फाचे मैदान बांधले गेले. ते नंतर वर्षानुवर्षे बंद पडून राहिले आणि 2025 साली पुन्हा सुरू झाले. इमारत होती पण हंगाम नव्हता. लेहला इमारत नव्हती पण हंगाम होता. पदक कुठल्या वाटेने आले, ते उघड आहे.

आइस हॉकीला सुमारे 60 बाय 30 मीटरचे मैदान लागते, वर बर्फ, स्केट, काठ्या, शिरस्त्राणे. खोखोचे मैदान 27 बाय 16 मीटर. त्यात दोन खांब, चुन्याच्या रेषा, एक शिट्टी, एक घड्याळ आणि मुले. इतका स्वस्त खेळ आपल्यापाशी आहे. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम लिहून काढले, आणि पुढच्या दहा वर्षांत बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानेही आपली नियमावली केली. म्हणजे गुजरातच्या भूमीला हा खेळ परका नाही. शिवाय विश्वविजेत्या संघातली भिलार ओपिनाबेन ही सुरतेपासून फार दूर नसलेल्या डांग जिल्ह्यातली, बिलियांबा या खेड्यातली. त्या जंगलातल्या गावची मुले वर्षानुवर्षे खोखो खेळत आली म्हणून तिथून ओपिना निघाली. भेस्तानातून कुणी का निघू नये?

माझी सूचना साधी आहे. या वस्त्यांत गणेशोत्सवाची आणि शिवजयंतीची मंडळे आहेत. ती वर्गणी जमवतात, मांडव घालतात, मिरवणूक काढतात. संघटना कशी करावी, हे त्यांना कुणी शिकवायला नको. या मंडळांनी आपल्या जमाखर्चात ‘मुलांचा हंगाम’ असे एक खाते कायमचे उघडावे. दोनशे घरांच्या वस्तीत घरामागे महिन्याला 10 रुपये धरले तर महिन्याचे 2,000 आणि वर्षाचे 24,000 रुपये होतात. खांब, चुना, गुडघ्याच्या पट्ट्या, पाणी, केळी आणि सामन्याच्या दिवशी पंचाचे मानधन एवढ्यात बसवता येईल. हिशेबाचा कागद वस्तीच्या फलकावर लावावा. तारखा दिवाळीपूर्वीच ठरवून शाळेत, किराण्याच्या दुकानात आणि कारखान्याच्या फाटकाशी चिकटवाव्यात. महापालिकेकडे स्टेडियम मागण्याआधी एवढेच मागावे, की अमुक भूखंड आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी मुलांसाठी मोकळा राहील, आणि ते लेखी मागावे.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला : पोटाला चिमटा घेणाऱ्या माणसांना खेळाचे उपदेश कशाला? परंतु मी खेळासाठी कामाचे पैसे सोडा असे म्हणत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावायला कायद्याची बंदी आहे, आणि कायदा जिथे पोहोचत नाही तिथे ठरलेला शनिवारचा सामना कधी कधी पोहोचतो. जिचे नाव संघाच्या यादीत लिहिले आहे, ती आली नाही तर आठजणी तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. आठवीनंतर प्राथमिक शाळा सुटते, संघ फुटतो, मैत्रिणी पांगतात. त्या वळणावर वस्तीचा संघ तेवढा तिच्या हाती उरू शकतो.

दुसरा : खोखोने नोकरी मिळते का? काहींना मिळते. रेल्वेसारख्या खात्यांत खेळाडूंची भरती होते. पण शंभरातल्या नव्याण्णव मुलींना ती मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकावे. नोकरीचे आमिष दाखवून भरवलेला खेळ पहिल्या निराशेबरोबर मोडतो.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : मंडळ मराठी माणसांचे, मग वर्गणी आपल्याच मुलांसाठी असावी ना? मला हे पटत नाही. त्या राखेच्या रेषांमध्ये मी जो खेळ पाहिला तो एकट्या मराठी मुलींचा नव्हता, आणि तसा तो ठेवायचा म्हटले तर नऊजणींचे दोन संघ जमवताना नाकी नऊ येतील. परमुलखात राहून आपली भाषा आणि आपला खेळ जपायचा एक उपाय म्हणजे तो शेजाऱ्याला शिकवणे. आपल्या अंकात मराठीची पाने संपली की कन्नडची सुरू होतात. हे आपल्याला निराळे समजावून सांगायची गरज नसावी.

आता प्रश्न उरतो, आपण इतक्या दूर बसून काय करावे? भेस्तानचे काम भेस्तानची माणसे करतील. मावशीच्या गल्लीतल्या मंडळाला मी माझा हिशेबाचा तक्ता दिला आहे. तेथील कार्यकर्त्यांनी तो वाचला, एका खर्चाबद्दल माझ्याशी वादही घातला, आणि फेब्रुवारीतले चार रविवार लिहून घेतले. पण धागा कटिंगच्या जागी आपल्याकडे विडी वळणे असेल, वीटभट्टी असेल, धाकट्या भावंडांना सांभाळणे असेल. आठवीनंतर गळणारी मुलगी तीच आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, समारोपाची भाषणे करतो आणि परत येतो. या वर्षी त्या गावात खोखोचे एक मैदान आखावे, दोन खांब पुरावेत, आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत तारखांचा कागद लावून यावे. पंच म्हणून दर रविवारी आपल्यापैकी दोघांनी बसने जावे. क्रीडाशिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही.

आणि पुढल्या वर्षीच्या अंकात त्या हंगामाचा जमाखर्च छापावा : किती रविवार ठरले होते, किती खेळले गेले, यादीत किती मुली होत्या आणि शेवटच्या रविवारी त्यांतल्या किती मैदानावर होत्या. ताळेबंद मांडायला मी तयार आहे.